प्लग सरळ पळाला पाहिजे

आजचा दिवस हिडकलच्या बॅकवॉटरला, घटप्रभेच्या पाण्यात सॅमनचा प्लग, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, ओढून बघण्यात गेला. सॅमन इथं कुठला म्हणा! तो तिकडं पॅसिफिकच्या थंड पाण्यातला. पण मोठ्या चिनूक सॅमनसाठी चालत्या होडीमागं जो लाकडी किंवा प्लास्टिकचा खोटा मासा ओढतात, त्याची चाल तपासायला आपलं धरण पुरतं की.

दोर लांब सोडायच्या आधी प्लग होडीच्या कडेला दीड-दोन मीटरवर धरा आणि वेग वाढवत बघा. शेपूट वळवळली पाहिजे, पण अंग सरळ रेषेत. डावीकडं पळतोय? मग तोंड आपल्याकडं करून नाकाची कडी पक्कडीनं उजवीकडं वाकवा, केसभरच. जास्त वाकवली की दुसऱ्या बाजूला कलंडतो, आणि पुन्हापुन्हा वाकवून कडी सैल झाली की तो प्लग गेलाच समजा.

गाठ नाकावर आवळून बसली तर वळवळ मरते. न आवळणारी मोकळी फाशाची गाठ किंवा छोटा स्नॅप (उघडझाप होणारी तारेची कडी) लावा. जड स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी) नाकाला नको, ते दोरात मागं.

होडी सरळ रेषेत हाकू नका, नागमोडी हाका. दोन्ही बाजूंना प्लग सोडले असतील तर वळणावर बाहेरचा जोरात पळतो, आतला मंदावतो. मासा कुठल्या बाजूला लागला, त्यावरून कुठला वेग हवा ते कळतं. रिळाचा ब्रेक मात्र घट्ट ठेवू नका. मोठा मासा पहिल्या धावेतच दोर तोडतो नाहीतर गळ सरळ करतो.

आणि हो, मासेमारीचा ठेका दिलेलं पाणी असेल तर आधी ठेकेदाराला विचारा.