तिसऱ्यांदा तोच खड्डा

तुळशीची लग्नं होऊन आठ दिवस झाले असतील, फोन आला. "ठेकेदार, तुमचा खड्डा परत उघडलाय. रविवारी लग्न आहे."

'तुमचा खड्डा' हे शब्द मला लागले, कारण ते खरे होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या अंगाला एक जुनं मंगल कार्यालय आहे. त्याच्या पार्किंगमध्ये फाटकापासून पंधरा-वीस पावलांवर तो खड्डा. पहिल्यांदा ऐन पावसाळ्यात पिशवीतला कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता वापरायचा डांबर-खडीचा माल टाकून मी तो बुजवला होता. तो तात्पुरताच होता, तसं सांगितलंही होतं. पण पुढच्या मार्चमध्ये कडा कापून, गरम माल, म्हणजे तापवून कालवलेलं डांबर आणि खडी, घालून पक्का पॅच मारला, तोही वर्ष न भरता खचला. डांबरी कामात माझी बावीस वर्षं गेली. गरम मालाचा, नीट दाबलेला पॅच कोरड्या जागी असा खचत नाही. खचला तर दोष वरच्या दोन इंचांत नसतो. हे मला माहीत होतं, आणि तरी मार्चमध्ये मी खाली बघितलं नव्हतं.

बुधवारी दुपारी गडी घेऊन गेलो. कार्यालयाचे मालक आण्णा फाटकातच उभे. म्हणाले, "ही जमीनच पोकळ. पूर्वी इथं तळं असणार बघा." कोल्हापुरात कुठं जमीन खचली की जुन्या माणसाच्या तोंडी तळं येतंच, आणि ते उगीच नाही. गावातली कितीतरी तळी बुजवली गेली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई उभी राहिली, आणि जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साठतं. त्यामुळं आण्णांचं म्हणणं मी झटकलं नाही. पण तळ्याची भर असती तर सगळं पार्किंग कमीजास्त बसलं असतं. इथं सहा बाय पाच फुटांचा एकच तुकडा बसत होता.

त्या तुकड्याभोवती डांबराला मगरीच्या पाठीसारख्या भेगा होत्या. चाक गेलं की भेगांतून मातकट पाणी वर येई आणि सुकल्यावर कडेला मुरुमाची पांढुरकी पूड राही. खालचा मुरूम भिजून मऊ झाला की डांबराला आधार उरत नाही. प्रत्येक चाकासरशी पाणी दाबलं जातं आणि बारीक माती वर ढकलतं. खालून पोकळी वाढत जाते. वर तेच पाणी खडीवरचं डांबर सोडवतं. मग हाताने उचलली तर खडी धुतल्यासारखी काळीपांढरी निघते. तशी खडी त्या दिवशी माझ्या मुठीत होती, माझ्याच पॅचमधली.

कटरने चौकोनी कापून घेतलं. कडा सरळ उभ्या, आणि कापायचं ते भेगा संपल्यावरही अर्धा-पाऊण फूट पुढं, चांगल्या डांबरात. खड्ड्याच्या आकाराचा वेडावाकडा पॅच मारला तर कडेला पातळ पापुद्रा होतो आणि पहिला तोच सुटतो. पार्किंगमधले आणखी पाच लहान खड्डेही तसेच कापून ठेवले. मोठा खड्डा फूटभर खाली नेला. चार वाजता तळ दमट होता, पण पाणी नव्हतं. गुरुवारी सकाळी गरम माल मागवून आम्ही घरी गेलो.

गुरुवारी सव्वाआठला पोचलो तर खड्ड्यात चार बोटं पाणी, आणि ते स्वच्छ. पावसाचा तर महिनाभर थेंब नव्हता. मुकादम मामा म्हणाले, "रात्री कुणीतरी गाडी धुतली असंल." आमच्यातल्या आक्का खड्ड्याच्या काठावर बसून पाण्यात हात घालून होत्या. आमच्या गाडीवर त्या बारा वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, "दादा, मी काल जाताना हात लावून बघितलो, पाणी न्हवतं. आता बगा, खालनं गार लागतंय. एका बाजूनंच."

मी हात घातला. खरंच, फाटकाकडच्या कोपऱ्यात पाणी बोटांना ढकलत होतं.

त्या गल्लीला नळाचं पाणी पहाटे पाचला येतं आणि नऊच्या आत जातं. काल चारला पाणी नव्हतं, आज आठला आहे. घड्याळात आठ वीस झाले होते. तपासायचं तर नऊच्या आत, नाहीतर दुसऱ्या दिवसाची पहाट. आणि तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन, "निघालो." तीन टन माल, ताडपत्रीखाली, प्लँटवरून दीडशे अंशांच्या वर निघालेला. हा माल थांबत नाही. दाबून काढायचं काम तो नव्वद अंशांच्या खाली उतरायच्या आत संपवावं लागतं. नोव्हेंबरची गार सकाळ, कडेचा माल तर वाटेतच घट्ट व्हायला लागतो.

आण्णांना विचारलं, नळाची लाइन कुठून जाते? ते म्हणाले, भिंतीकडेनं. वॉचमन म्हणाला, नाही, मीटरपासून सरळ मागच्या टाकीकडं. म्हणजे खड्ड्याखालून. मीटरजवळचा कॉक बंद केला आणि घमेल्यानं पाणी उपसून तळ फडक्यानं पुसला. दहा मिनिटं आम्ही सगळे काठावर उभे राहून नुसता मुरूम बघत होतो. तो तसाच राहिला, पाणी आलं नाही. मग मी म्हटलं, सोड कॉक. आधी कोपऱ्यातल्या मुरुमाचा रंग गडद झाला. मग मातीचा एक लहान उंचवटा उचलला गेला, त्याच्या टोकाला भोक पडलं आणि दुधाला उकळी फुटावी तसं पाणी बुडबुडत वर आलं. आठ चाळीस.

आण्णा म्हणाले, "आता भरून घ्या, लाइनचं लग्न झाल्यावर बघू." त्यांची अडचण मला कळत होती. गरम माल दारात, तीन दिवसांवर लग्न. पण मी नाही म्हणालो. पॅच पुन्हा खचेल एवढंच कारण नव्हतं. पाणी गेलं की लाइन रिकामी होते आणि फुटक्या जागेतून खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. ते दुसऱ्या दिवशी टाकीत, आणि रविवारी पंगतीत. हे सांगितलं तेव्हा आण्णा खाली बसले. मग उठून स्वतःच प्लंबरला फोन लावला.

टेम्पो आला तेव्हा पाच लहान खड्डे तयार होते. ब्रशने झाडून, तळाला आणि उभ्या कडांना इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ डांबर, मारून. हे इमल्शन लावताना तपकिरी दिसतं आणि पाणी उडालं की काळं होतं, त्याला आम्ही 'फुटलं' म्हणतो. तपकिरी असताना माल टाकला तर चिकटत नाही. गार हवेत फुटायला वेळ लागत होता. माल येऊन थांबलेला, टेम्पोवाला हॉर्न देतोय, तरी मी वीस मिनिटं थांबलो. दोन इंच जाडीला एक टन माल साधारण नव्वद चौरस फूट जागा घेतो, त्या हिशेबानं पाच खड्डे भरून माल उरला. तो त्याच फेरीत माझ्या दुसऱ्या साइटवर पाठवला.

प्लंबरने दुपारी लाइन उघडी केली. जुना लोखंडी पाइप, जेमतेम फूटभर खोल, सॉकेटपाशी, म्हणजे जोडावर, गंजून फुटलेला. केटररचे आणि मंडपवाल्यांचे भरलेले टेम्पो वर्षानुवर्षं बरोबर त्यावरून वळायचे. जुना पाइप काढून नवा प्लास्टिकचा टाकला, अडीच फूट खाली, मोठ्या पाइपाच्या आतून. शुक्रवारी सकाळी पाणी आल्यावर जोड उघडा ठेवून बघितला, कोरडा. त्याच दिवशी टाकी उपसून धुवून काढली.

मग भर. भिजलेला मुरूम सगळा बाहेर, त्याजागी खडी आणि ग्रिटचं, म्हणजे बारीक खडीचं, मिश्रण, चार-चार इंचांचे थर, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे भर दाबायचं मशीन. कोपऱ्यात मशीन पोचत नाही तिथं आक्का आणि मामांनी धुम्मस घेतलं. शनिवारी एका ओळखीच्या ठेकेदाराच्या गाडीतून टनभर गरम माल मागून घेतला आणि तीन इंच जाडीचा पॅच टाकला. कडेच्या सांध्यावर डांबर ओतून वर रेती पसरली. तळहात टेकता येईल एवढा थंड होईपर्यंत फाटकात बाक आडवा लावून ठेवला.

पाण्याचं बिल दोन वर्षं वाढत होतं, ते आण्णा लग्नांच्या खात्यावर धरत होते. माझं मार्चचं अडवून ठेवलेलं बिल त्यांनी त्याच संध्याकाळी दिलं. ते मी अर्धंच घेतलं. त्या वेळी खाली बघायचं काम माझं होतं.

यंदाचा पावसाळा गेल्यावर ऑक्टोबरात जाऊन कडा बोटानं चाचपून आलो. फट नाही. जनरेटरची गाडी उभी राहते तिथं मात्र डिझेल गळून डांबर मऊ पडलंय, नखानं खडी निघते. तेवढा तुकडा लग्नसराईच्या आत कापून घ्यायचाय.