मन्याला शी होत नाहीये

सकाळी साडेनऊला फोन आला. "डॉक्टर, मन्याला शी होत नाहीये. सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो आणि तसाच बाहेर येतो." ओपीडी भरलेली. टेबलावर टाके काढायला घेतलेला कुत्रा, फोन माझ्या कानात आणि खांद्यात अडकवलेला. मी म्हणाले, "संध्याकाळी घेऊन ये, बघू."

मन्या दोन वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, पोट सुटायला लागलेला, घराबाहेर पाऊल न टाकणारा. चौथा टाका काढताना डोक्यात आलं, एरवी धडधाकट असलेल्या तरण्या बोक्याला बद्धकोष्ठ होतोच किती वेळा? हात धुऊन उलट फोन लावला.

"त्याला लघवी करताना शेवटचं कधी पाहिलंस?"

"करत असेल ना. ट्रेमध्ये जातोय की."

"वाळूचे ओले गोळे सापडतायत का?"

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग, "काल सकाळी एक होता. अगदी बोराएवढा."

"आत्ता नीघ. आहेस तशी."

ती पोचली तेव्हा रांगेत आणखी एक बोका होता. भांडणात गालाला चावा बसून तिथे पू धरलेला, अंगात १०४ ताप, अर्धा चेहरा फुग्यासारखा. सगळ्यांनी त्यालाच आधी आत सोडलं असतं. पण तो पिंजऱ्यातून माझ्यावर गुरगुरत होता, आणि गुरगुरणारं मांजर मला जरा धीर देतं. मन्या टॉवेलमध्ये ओल्या फडक्यासारखा पडला होता. वाटेत दोनदा ओकला होता.

पोटाला हात लावला आणि निदान झालं. टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडं लहान, दगडासारखं घट्ट मूत्राशय. हलकं दाबूनही थेंब आला नाही. शिश्नाचं टोक चाटून चाटून जांभळट झालेलं. अंग गार, ३६.४ सेल्सिअस, मांजराचं ३८ च्या खाली सहसा जात नाही. पण माझ्या पोटात गोळा आला तो स्टेथोस्कोप लावल्यावर. ठोके मिनिटाला ११०. दवाखान्यात आलेल्या घाबरलेल्या मांजराचं हृदय १८०-२०० नं पळत असतं. इतक्या आजारी मांजराचे ठोके संथ पडले, तर तो शांतपणा नव्हे.

लघवी तुंबली की मूत्रपिंडांचं काम थांबत जातं आणि बाहेर पडायचं ते पोटॅशियम रक्तात साठतं. ते हृदयाची वीजच बिघडवतं. ईसीजीवर पी-लहरी गायब, टी-लहरी तंबूसारख्या उंच. रक्तात पोटॅशियम ८.९, साडेपाचच्या वर ते जायला नको. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, ईसीजीवर नजर ठेवून, सावकाश सोडलं. त्यानं पोटॅशियम उतरत नाही. हृदयाला फक्त अर्ध्याएक तासाची सवड मिळते. तेवढ्यात पोटॅशियम उतरवायला सलाईन, इन्सुलिन, ग्लुकोज.

मग भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवीच्या वाटेत घालायची बारीक नळी. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे इतकी निमुळती होते की तिथे चिकट स्राव आणि खड्यांची पूड मिळून सहज बूच बसतं. मांजरीची नलिका आखूड आणि रुंद, म्हणून तिच्यात हे क्वचितच. कॅथेटर टोकापाशीच अडला, बोटांना रेतीसारखं करकरलं. सलाईनची पिचकारी मारत, टोक हलकेच चोळत राहिले. तिसऱ्या-चौथ्या पिचकारीला भातशितापेक्षा लहान, पांढरट, खरखरीत लगदा बाहेर आला आणि त्यामागून तांबडीलाल लघवी. मदतनीस पोरगा "आली!" म्हणून ओरडला.

बाहेर बाकावर ती मुलगी एकेक गोष्ट आठवून सांगत होती. चार दिवसांपूर्वी घरात पाहुणे आले तेव्हापासून मन्या पलंगाखाली. कपाटावर उडी मारणं बंद. बाथरूमच्या फरशीवर गुलाबीसर दोन थेंब. तिला वाटलं, रुसून घाण करतोय. सारखा मागे चाटायचा. तिला वाटलं, स्वच्छता. रात्री कुणीतरी सांगितलं म्हणून पोट साफ व्हायला तेल पाजलं. "आणि दुखत असेल म्हणून माझी पॅरासिटामॉल अर्धी देणार होते, पण त्यानं तोंडच उघडलं नाही." मी तिच्याकडे बघतच राहिले. ते औषध मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी होतात, हिरड्या तपकिरी पडतात. अर्ध्या गोळीनंही मांजर जातं. मन्याचा हट्टीपणा त्या रात्री कामी आला.

तिला रागवायला माझं तोंड नव्हतं. "शी होत नाहीये" हा तिचा अंदाज होता आणि मी तो निदान म्हणून घेतला होता. ट्रेमध्ये जातो, कुंथतो, काही पडत नाही, एवढंच तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता आमच्या फोनशेजारी एक चिठ्ठी डकवलीय: "बोका आहे का? लघवी पडताना कधी पाहिली?" थेंबथेंब होत असेल किंवा काहीच नसेल, तर रात्रीचे दोन असले तरी बोलवायचं.

अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं पाणी नुसती ओततात. मन्यानं पहिल्या रात्री तासाला ५०-६० मिली लघवी केली. एरवी त्याच्या वजनाला दहा मिली पुष्कळ. दर तासाला पिशवी मोजायची, तेवढं सलाईन भरून काढायचं. लघवीत जंतू मिळाले नाहीत. या वयाच्या बोक्यांत ते सहसा नसतातच. ताण आणि कमी पाणी, बहुतेक वेळा असंच काहीतरी. यापुढे ओलं खाणं, पाण्याच्या दोन-तीन वाट्या, एकाऐवजी दोन ट्रे आणि पाहुणे आले की त्याला एक बंद खोली. पुन्हा तुंबू शकतं, हेही तिला स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कॅथेटर काढला. खरी परीक्षा यापुढे. मन्या ट्रेमध्ये शिरला, उकरलं, बसला. आम्ही तिघंही श्वास रोखून भिंतीला टेकलेलो. वाळूवर धार पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्यानं ते नीट झाकलं आणि आमच्याकडे पाठ करून निघून गेला. मी फावडीनं उकरून पाहिलं. ओला, जड, मुठीएवढा गोळा. तिनं त्याचा फोटो काढला.