पाऱ्याची पिवळी जोडी अखेर आलेखावर सुटली

५७७.० आणि ५७९.१ नॅनोमीटर! सीएफएलमधल्या पाऱ्याच्या प्रकाशातल्या या दोन रेषा आता घरगुती वर्णपटमापकाच्या (प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या नळीच्या) आलेखावर दोन स्वतंत्र शिखरं म्हणून दिसतात, मधली दरी स्वच्छ. नळी तीच २०० मिमीची, ग्रेटिंगही (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेषांची पट्टी) तेच, मिलिमीटरला १००० रेषांचं फिल्मचं.

प्रकाश आत घेणारी फट ०.५ वरून ०.१ मिमीवर आणूनही जोडी सुटत नव्हती. प्रकाश ग्रेटिंगवर सरळ पडत असेल तर फटीमुळे येणारा पसरटपणा म्हणजे ग्रेटिंगच्या रेषांमधलं अंतर गुणिले फटीची रुंदी भागिले नळीची लांबी: १००० × ०.१ ÷ २०० = ०.५ नॅनोमीटर. एवढ्यात २.१ चं अंतर आरामात दिसायला हवं. फोटोत दिसतही होतं, पण आलेख काढला की एकच रुंद टेकडी.

दोष फिल्मच्या चौकटीत निघाला. स्वस्त पाकिटातल्या फिल्म पुठ्ठ्याच्या चौकटीत सर्रास तिरक्या चिकटवलेल्या असतात. चौकट ओळंब्यात असली तरी आतल्या रेषा नसतात. मग वर्णपट तिरका चढतो, आपण फोटो फिरवून पट्टा आडवा करतो आणि वर्णरेषा कलतात. सॉफ्टवेअर प्रत्येक उभ्या स्तंभाची बेरीज करतं, त्यामुळे मुळात बारीक असलेली रेषा पसरते. २० मिमी उंच फट आणि रेषा यांच्यात २ अंशांचा फरक असेल तर दोन टोकांत ०.७ मिमी, म्हणजे ३.५ नॅनोमीटरचा घोळ.

उपाय सोपा. लेझर पॉइंटर ग्रेटिंगमधून सरळ भिंतीवर सोडा (डोळ्यांत जाऊ देऊ नका). मधला ठिपका आणि बाजूचे दोन एका आडव्या ओळीत येईपर्यंत चौकट फिरवा, लेव्हल लावून तपासा, तिथेच चिकटवा. फट ओळंब्याने उभी करा. शिवाय काळी टेप लावून तिची उंची ५ मिमी ठेवा. उरलेला कल एक चतुर्थांश त्रास देतो, एक्स्पोजर मात्र वाढवावं लागतं. फटीसाठी दाढीच्या ब्लेडपेक्षा शार्पनरची पाती उत्तम, ती वाकत नाहीत.

तपासणी पांढऱ्या एलईडीवर करू नका. त्यात बारीक रेषाच नाहीत, त्यामुळे पट्टा कितीही देखणा आला तरी काही कळत नाही.

कॅलिब्रेशनला (कोणता पिक्सेल किती नॅनोमीटरचा हे ठरवायला) पाऱ्याच्या ४३५.८, ५४६.१ आणि ही जोडी. हिरव्यात ५४२ च्या आसपास दिव्याच्या आतल्या लेपातल्या टर्बियम या मूलद्रव्याचं शिखर अगदी शेजारी असतं, ते धरू नका. दोन बिंदूंची सरळ रेषा लाल टोकाकडे घसरते, वर्गसमीकरण बसवा.

पुढे १२०० रेषांचं ग्रेटिंग घ्यायचं ठरत होतं, ते आता मागे. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ साठी ०.५ काठावरच पडतं. नळी ४०० मिमीची केली की ०.२५. पण मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात नॅनोमीटरला जेमतेम चार पिक्सेल मिळतात, म्हणजे ही जोडी अडीच पिक्सेलवर! तेव्हा नळीआधी टेलिफोटो लेन्स. तोवर उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे नळी रोखून (सूर्याकडे कधीच नाही) ४८६.१ आणि ६५६.३ च्या हायड्रोजनच्या काळ्या रेषा घेता येतील, त्यासाठी आहे ती नळी पुरेशी आहे.