आधी काठ, मग मी

साडीचं रील करताना मी आधी काठ दाखवते. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा, त्याला बुगडी म्हणतात. साडी उलटी नेसली तरी कोणाला कळत नाही. तो काठ कॅमेऱ्यासमोर उलटवला की बघणारी थांबते, कारण तिच्याही कपाटात अशी एखादी पडलेली असते. गोल गिरकी घेऊन पदर उडवणाऱ्या रील्स मलाही आवडतात, पण त्या बघून साडीबद्दल काही कळत नाही. वीट, चटाई, चमेली ही काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्यावरून उतरली, असं तिथले विणकर सांगतात. एवढं एक वाक्य बोलायला पाच सेकंद पुरतात.

खरी डोकेदुखी रंगाची. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा; दोघांचे रंग वेगळे असले की कापड धूपछाव होतं आणि फोन गोंधळतो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी चक्क निळी दिसते. मग खाली कमेंट, ‘ताई, लिंकवर तर हिरवी आहे!’ म्हणून मी सकाळी गॅलरीत, ऊन थेट अंगावर येण्याआधी शूट करते. स्क्रीनवर साडीवरच बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवायचा नाही. फिल्टर तर नाहीच.

इथे इंदूरला राजवाड्यासमोर सगळेच शूट करतात. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यांत तिथे सगळ्या साड्या हळदीच्या होतात. मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची दगडी स्मारकं, बऱ्या वाटतात. दगडाचा रंग शांत आहे, नक्षी आहे. (खान नदीचा वास व्हिडिओत येत नाही, हे नशीब.)

‘तीच साडी परत?’ असं कोणी विचारलं की मी यशवंतराव होळकरांचं उदाहरण देते. माणिकबाग महाल बांधणारे इंदूरचे महाराज, दुसरे यशवंतराव. बर्नार्ड बुते द मोन्वेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन चित्रं काढली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य पोशाखात, खांद्यावर काळा केप. नंतरच्या चित्रात मराठा पोशाखात, गादीवर. दोन्हीकडे ते सारखेच ऐटीत, वेश घेतल्यासारखे कुठेच वाटत नाहीत. मी एकच साडी पाडव्याला नथीबरोबर आणि ऑफिसला स्नीकर्सवर नेसते, आणि दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ टाकते. ज्यांना रोज नवीन हवी, त्यांच्यासाठी भरपूर अकाउंट्स आहेत.

आता पैशांचं. दुकानदाराने साडी फुकट पाठवली असेल तर तसं लिहावं लागतं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेचे नियम २०२१ पासून आहेत, आणि फुकट मिळालेली वस्तूही त्यांत मोजली जाते. आत्याला हे पटत नाही. ‘अगं, आहेर कोणी चारचौघांत मोजून दाखवतं का?’ तिला मी सांगते, आत्या, आहेर देणारा बदल्यात माझ्याकडून कौतुक वसूल करत नाही.

किंमतही मी व्हिडिओतच बोलते, ‘डीएम करा’ म्हणत नाही. हातमागाची आहे की पॉवरलूमची, तेही. यावरून एका दुकानाने माझ्याकडे साड्या पाठवणं बंद केलं. सध्या आत्याच्याच कपाटातल्या साड्या शूट करतेय, आणि फुकट मिळाल्या असं खाली लिहितेय.