काळी बिअर आणि आजीचा सातू

काळी बिअर बर्फगार करून पिणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही. त्यामुळं मेहुण्याशीही बेताचंच. परवा भाचा डब्लिनहून आला, येताना गिनीज या आयरिश काळ्या बिअरचे दोन प्रकार, ड्राफ्ट आणि फॉरेन एक्स्ट्रा, आणि पोर्टर नावाची आणखी एक काळी बिअर घेऊन. बेळगावच्या टिळकवाडीतली रणरणती दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मेहुण्याला सुगावा कसा लागला देव जाणे, तो दारात हजर. आल्या आल्या म्हणाला, "दाजी, फ्रीझरला टाकलासा न्हवं?"

नव्हती टाकली. फार गार केली की जिभेला नुसता गारवा कळतो, भाजल्याचा वास आणि मागून येणारा कडवटपणा गोठून जातो. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवायची, हा माझ्या घरचा कायदा. मेहुणा तेवढा वेळ पंख्याखाली उसासे टाकत बसला.

ड्राफ्टच्या डब्यात प्लॅस्टिकची एक गोटी असते, डबा उघडला की ती नायट्रोजन सोडते. ग्लासात ओतल्यावर बुडबुडे काचेच्या कडेनं चक्क खाली उतरताना दिसतात. मग हळूहळू सगळं निवळतं, वर पांढुरका फेस, खाली काळं. खिडकीच्या उजेडाला धरली तर काळीही नाही, गडद लाल. पहिला घोट घेतला आणि थेट आजीच्या खानापूरला पोचलो.

उन्हाळ्यात आजी मागच्या पडवीत चूल मांडून पिठासाठी सातू भाजायची. लोखंडी कढई, हातात लांब दांड्याचं उलथनं, आणि आम्हा पोरांना चुलीपासून चार हात लांब राहायचा हुकूम. दाणा तडतडून तांबूस झाला की सुपात. जरा नजर हलली की तळचे दाणे काळे पडायचे. ते ती वेचून अंगणात फेकायची. कोंबड्या एकदा चोच लावायच्या आणि मागं फिरायच्या. मी मात्र उचलून खायचो. आधी राख, मग कडू, आणि त्याच्याही मागून काहीतरी गोडूस, जे चांगल्या दाण्यात कधी सापडलं नाही. "मेल्या, सुपातलं सोडून जळकं खाऊलास?"

गिनीजसारख्या काळ्या बिअरला स्टाउट म्हणतात. स्टाउटवाले ते जळके दाणे मुद्दाम करतात. सातूला मोड न आणता काळाभोर होईतो भाजायचा, कोळसा व्हायच्या आत थांबायचं. आणि घालायचा थोडासाच. १८१७ साली डॅनियल व्हीलरनं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा काळेपणा हुकमी झाला. आजीकडे तसलं पिंप असतं तर माझी पंचाईत होती.

मेहुण्याची समजूत अशी की जितकी काळी तितकी कडक. ड्राफ्टच्या डब्यावर ४.२ टक्के वाचून त्याचा चेहरा पडला. आपली पिवळी स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते. फॉरेन एक्स्ट्रा ७.५ निघाली तेव्हा तो खुलला. ही जहाजानं लांबच्या मुलखात पाठवायची, म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडू करणारी फुलं, वाढवलेली, कडवटपणा घशाशी रेंगाळतो. मला तीच आवडली. पोर्टर मवाळ, चॉकलेटकडे झुकणारी. अठराव्या शतकात लंडनचे हमाल ही प्यायचे, म्हणून तिला त्यांचं नाव. आमच्या रविवार पेठेतल्या हमालाला दिली तर एक घोट घेऊन तो चहाच सांगेल.

मेहुण्यानं खारे शेंगदाणे आणले होते. मी कुंदा काढला. "बिअरसंगट कुंदा? दाजी, चढली काय?" पण आटवून आटवून तांबूस केलेला खवा आणि भाजका सातू, दोन्ही आगीचीच कमाई. थोडा कुंदा, वर एक घोट. भाच्यानं मान डोलावली. मेहुणा काही बोलला नाही, कुंद्याचा डबा मात्र स्वतःकडे ओढला.

मग भाच्यानं सांगितलं, १७५९ मध्ये आर्थर गिनीजनं डब्लिनची ती जागा ९००० वर्षांच्या करारानं घेतली, वर्षाला ४५ पौंड भाडं. मेहुण्याच्या दुकानाचा करार अकरा महिन्यांचा, दर खेपेला भाडं वाढवून. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"नऊ हजार? आणि मालकानं सही केली?"

"केली."

"असला मालक आपल्याकडं का गावंना ओ, दाजी?"