लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या मागावर: घरं सोडा, रंगमंच गाठा

लंडनच्या साउथ बँकेवर नॅशनल थिएटरची काँक्रीटची भलीथोरली इमारत आहे. तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या रंगमंचाला इंग्लंडचे थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं नाव आहे, बाहेर त्यांचा हॅम्लेटच्या वेशातला पुतळा आहे, आणि प्रवासाच्या बहुतेक याद्या माणसाला आधी तिथंच नेऊन उभं करतात. ‘त्यांचं थिएटर’ म्हणून. प्रत्यक्षात ऑलिव्हिए या मंचावर एकाही नाटकात उभे राहिले नाहीत. २५ ऑक्टोबर १९७६ ला राणीच्या उपस्थितीत औपचारिक उद्घाटन झालं तेव्हा त्यांनी स्वागताचं भाषण केलं, एवढंच. नॅशनल थिएटरचे पहिले संचालक म्हणून त्यांची दहा वर्षं १९६३ ते १९७३ या काळात झाली, ती दुसऱ्याच वास्तूत. ही इमारत उभी राहीपर्यंत संचालकपद दिग्दर्शक पीटर हॉल यांच्याकडे गेलं होतं आणि आजारपणांनी ऑलिव्हिए यांचं शरीर थकवलं होतं. हे माहीत नसताना गेलं की अर्धा दिवस चुकीच्या मंचासमोर हात जोडण्यात जातो.

म्हणून पहिला सल्ला: वॉटर्लू स्टेशनवर उतरा, नदीकडे न वळता उलट्या बाजूला ‘द कट’ नावाच्या रस्त्याला लागा. पाच मिनिटांत ओल्ड व्हिक येतं. खरी जागा ही.

१८१८ ची ही वास्तू. १९३७ च्या जानेवारीत टायरन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली ऑलिव्हिए यांनी इथं अखंड, काटछाट न केलेला हॅम्लेट केला. २२ ऑक्टोबर १९६३ ला नॅशनल थिएटरचा पहिला प्रयोगही इथलाच. तोही हॅम्लेटच, भूमिकेत पीटर ओ’टूल, दिग्दर्शन ऑलिव्हिए यांचं. कंपनीची कचेरी जवळच अक्विनस स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या खोपट्यांत होती. एप्रिल १९६४ मध्ये ऑथेल्लो आला. त्यासाठी त्यांनी महिनोन्महिने आवाजाची मेहनत करून तो खूप खाली आणला आणि व्यायामशाळेत जाऊन चाल बदलली. ती काळा रंग फासून केलेली भूमिका आज कोणी करू धजणार नाही, करूही नये. पण आवाजावरची ती मेहनत अभ्यासण्यासारखीच आहे.

आत गेलात तर प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून एकदा मंचाकडे बघा. अंतर वाटतं त्यापेक्षा कमी आहे. याच मंचावर, साठीच्या उंबरठ्यावर, इंग्लंडातल्या सगळ्यात मोठ्या नटाला एकटं उभं राहण्याची भीती बसली. १९६४ मध्ये इब्सेनच्या ‘मास्टर बिल्डर’च्या वेळी ती सुरू झाली आणि काही वर्षं टिकली. ऑथेल्लोच्या स्वगतांच्या वेळी इयागो करणाऱ्या फ्रँक फिन्ली यांना ते विंगेत, नजरेच्या टप्प्यात थांबायला सांगत. ती विंग प्रेक्षागृहातून दिसत नाही, पण मंचाची कड दिसते आणि तेवढ्यानं अंगावर काटा येतो. मार्च १९७४ मध्ये त्यांची शेवटची रंगभूमीवरची भूमिका इथंच संपली: ‘द पार्टी’ नाटकातला ग्लासगोचा म्हातारा ट्रॉट्स्कीवादी, सुमारे वीस मिनिटांच्या भाषणासकट. निरोपालाही त्यांनी सोपं काही घेतलं नाही.

तिकिटाबाबत दोन गोष्टी. सगळ्यात वरची बाल्कनी, लिलियन बेलिस सर्कल, स्वस्त असते, पण चढ खडा आणि पाय ठेवायला जागा तोकडी. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर तीन तासांचं नाटक तिथून बघू नका. आणि ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं तिकीट म्हणजे खांब किंवा कठडा आडवा येणार हे धरूनच चाला. तिकीट थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. मधले दलाल त्याच खुर्चीवर घसघशीत ‘सेवा शुल्क’ लावतात आणि ते शेवटच्या पानावर दाखवतात. लंडनमध्ये नाटक बघणाऱ्याची सगळ्यात जास्त लूट होते ती इथं.

ओल्ड व्हिकच्या अगदी जवळ, त्याच रस्त्यावर, नॅशनल थिएटरचं दफ्तर, म्हणजे अर्काइव्ह, आहे. याद्यांमध्ये त्याचं नाव क्वचितच सापडतं आणि संपूर्ण फेरीतली सगळ्यात मोलाची जागा तीच. प्रवेश मोफत, पण आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. निदान दोन आठवडे आधी ईमेल करा आणि कोणत्या नाटकाची कोणती वस्तू पाहायची ते नेमकं लिहा. नुसतं ‘ऑलिव्हिएबद्दल काहीही’ लिहिलंत तर समोर काय ठेवायचं ते त्यांना कळत नाही. मागायची वस्तू म्हणजे प्रॉम्प्ट बुक. संहितेचं छापील पान एका बाजूला, शेजारी पेन्सिलीनं लिहिलेल्या हालचाली आणि प्रकाशाच्या, आवाजाच्या खुणा. कोण कुठल्या शब्दावर उठला, कुठे खोडून पुन्हा लिहिलं, ते बोटाने दाखवता येतं. तालमीच्या खोलीच्या इतकं जवळ दुसरं काहीच नेत नाही. तिथं पेन चालत नाही, पेन्सिल न्या. ऑलिव्हिए यांची खासगी कागदपत्रं मात्र ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यासाठी वाचकपत्र लागतं आणि ते काढायला ओळखीचा व पत्त्याचा असे दोन्ही पुरावे सोबत हवेत.

हे झालं की मग नदीकडे जा. नॅशनल थिएटर वाईट नाही, फक्त क्रम चुकवू नका. वर्कशॉप वरून दाखवणारा पादचारी सज्जा मोफत आहे, नेपथ्य तयार होताना दिसतं. दर शुक्रवारी दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याची काही स्वस्त तिकिटं ऑनलाइन सुटतात. पंधरा मिनिटं आधी रांगेत लागा, १ नंतर गेलात तर संपलेली असतात.

वेस्ट एंडमध्ये वेळ घालवायचा तो एकाच दारासमोर: सेंट मार्टिन्स लेनमधलं नोएल कॉवर्ड थिएटर. तेव्हाचं नाव न्यू थिएटर. १९३५ मध्ये इथं ऑलिव्हिए आणि त्यांच्या तोडीचे नट जॉन गिलगुड यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ आलटूनपालटून केले. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ओल्ड व्हिकची नासधूस झाली म्हणून युद्धाच्या अखेरीस त्यांची कंपनी इथं आली. १९४४ चा तिसरा रिचर्ड इथलाच. १९४५ मध्ये एकाच रात्री आधी इडिपस आणि नंतर ‘द क्रिटिक’मधला विनोदी पफ, हेही इथंच. इडिपसची गाजलेली किंकाळी काढताना त्यांच्या डोळ्यांपुढे बर्फावर मीठ चाटायला आलेला आणि जीभ गोठून अडकलेला अर्मिन हा मुंगसासारखा लहान प्राणी असे. सेंट जेम्स थिएटर शोधत किंग स्ट्रीटला जाऊ नका. ते १९५७ मध्ये पाडायला घेतलं, ऑलिव्हिए यांच्या तेव्हाच्या पत्नी, नटी व्हिव्हियन ली यांनी संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या गॅलरीत उभं राहून ओरडून विरोध केला तरीही. आता तिथं कचेऱ्या आहेत.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचं तिकीट सुमारे ३० पौंड. ऑलिव्हिए यांच्या अस्थी पोएट्स कॉर्नरमध्ये आहेत, गॅरिक आणि अर्व्हिंग या जुन्या थोर नटांच्या जवळ. फक्त त्या शिळेसाठी एवढे पैसे घालू नका. सगळं अ‍ॅबी पाहायचं असेल तरच जा. संध्याकाळच्या प्रार्थनेला प्रवेश मोफत असतो हे खरं, पण त्या वेळी फिरू देत नाहीत, त्यामुळे ‘मोफत दर्शना’ची ही युक्ती उपयोगाची नाही. रविवारी पर्यटकांना बंद.

आता ससेक्स, लंडनच्या दक्षिणेचा किनारी परगणा. या फेरीतला सगळा मनस्ताप इथं आहे आणि सगळ्यात मोठा आनंदही.

ब्रायटन आणि चिचेस्टर ही दोन्ही गावं नकाशावर एका त्रिकोणात दिसतात, म्हणून लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनावरून व्हिक्टोरिया–ब्रायटन–चिचेस्टर–व्हिक्टोरिया असा एका दिवसाचा बेत आखायचा मोह होतो. आखू नका. इंग्लंडच्या रेल्वेत बिनगर्दीच्या वेळचं एकेरी तिकीट त्याच दिवसाच्या परतीच्या तिकिटापेक्षा थोडंसंच स्वस्त असतं. त्रिकोणात तीन एकेरी तिकिटं लागतात. जवळपास तेवढ्याच पैशांत दोन वेगळ्या दिवसांची दोन परतीची तिकिटं येतात आणि धावपळ वाचते. दोन-चार जण असाल तर ३५ पौंडांचं नेटवर्क रेलकार्ड घ्या. धारकासोबत आणखी तीन प्रौढांना एकतृतीयांश सूट मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी १० च्या आधी ते चालत नाही.

तिकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ‘फक्त थेम्सलिंक’ (ही एक रेल्वे कंपनी) लिहिलेलं स्वस्त तिकीट व्हिक्टोरियाच्या गाडीत चालत नाही. ‘गॅटविक एक्स्प्रेस वगळून’ असं लिहिलेलं असताना त्या गाडीत बसलात तर दंड. लंडनचं ऑयस्टर कार्ड गॅटविकच्या पुढे ब्रायटनला चालत नाही. दंड म्हणजे १०० पौंड अधिक एकेरी भाडं. २१ दिवसांत भरला तर १०० चे ५० होतात. तपासनीसाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण रोज ऐकायला मिळतं, त्याचा काही उपयोग होत नाही.

आणि चिचेस्टरची गाडी. व्हिक्टोरियाहून सुटणाऱ्या काही गाड्या हॉर्शमला दोन भागांत तुटतात: एक भाग चिचेस्टरवरून पोर्टस्मथ-साउदॅम्प्टनकडे, दुसरा बॉग्नर रीजिसकडे. डब्यातल्या पडद्यावर ‘हे डबे कुठं जाणार’ ते येतं. बसल्या बसल्या ते वाचा, हॉर्शमच्या आधी कान उघडे ठेवा. चुकीच्या डब्यात राहिलात तरी घाबरू नका. बार्नहॅमला उतरा. दोन्ही भाग तिथं थांबतात आणि पुढची चिचेस्टरची गाडी तिथूनच मिळते. बॉग्नरपर्यंत मात्र जाऊ नका. रविवारी या मार्गांवर वारंवार दुरुस्तीची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते. शक्यतो रविवार टाळा.

ब्रायटनला अर्धा दिवस पुरे. स्टेशनपासून उतारानं समुद्र, मग पॅलेस पिअरपासून पूर्वेला साधारण किलोमीटरभर रॉयल क्रेसेंट. वरच्या मरीन परेडनेच चाला. खालच्या मडेरा ड्राइव्हवरून गेलात तर मडेरा टेरेसच्या कमानींचा मोठा भाग धोकादायक म्हणून बरीच वर्षं बंद आहे, वर यायला जिना सापडत नाही आणि वारा तोंडावर. ४ नंबरच्या घरात ऑलिव्हिए आणि त्यांच्या नंतरच्या पत्नी, नटी जोन प्लोराइट साठच्या दशकात राहत. घर खासगी आहे, बेल वाजवू नका. पाहायचा तो दर्शनी भाग: विटा वाटतात, पण त्या काळ्या झिलईच्या कौलांसारख्या फरशा आहेत, लाकडी चौकटीवर एकीवर एक टांगलेल्या. कडेला, खिडकीच्या कोपऱ्याशी नीट पाहिलं की त्यांची पातळ जाडी दिसते. इथून ते ब्रायटन बेल गाडीनं लंडनला जात. गाडीतल्या न्याहारीतून किपर, म्हणजे खारवून धुरी दिलेला मासा, काढला तेव्हा विरोधाचा आवाज त्यांनीच उठवला. १९७२ मध्ये ३० एप्रिलला गाडीच बंद झाली.

चिचेस्टरला पूर्ण दिवस द्या. सामान्य दिसणाऱ्या बागेत, ओकलँड्स पार्कमध्ये, काँक्रीटची षट्कोनी वास्तू. लेस्ली एव्हर्शेड-मार्टिन या गावच्या चष्मेवाल्याने, माजी महापौराने, ती उभी करवली आणि ऑलिव्हिए पहिले संचालक झाले. जुलै १९६२ मध्ये उघडली. पहिली दोन नाटकं पडली. तिसरं, चेखॉव्हचं ‘अंकल वान्या’, ऑलिव्हिए आस्त्रोव्ह आणि मायकल रेडग्रेव्ह वान्या, त्या नाटकानं सगळं सावरलं. नॅशनल थिएटरची कंपनी इथूनच घडत गेली. शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्वच्या चौकटीच्या रंगमंचाची सवय असलेल्या डोळ्यांना इथला मंच धक्का देतो: तो प्रेक्षकांत घुसलेला आहे आणि तीन बाजूंनी माणसं बसतात. नटाला लपायला पाठ नाही, कुणाकडे तरी ती कायम वळलेलीच. म्हणून अगदी कडेच्या खुर्च्या घेऊ नका, निम्मं नाटक पाठीचंच दिसतं. मधल्या भागात, पाचव्या ओळीच्या मागे बसा.

दुपारचाच प्रयोग घ्या. थिएटर गावाच्या उत्तरेला, स्टेशन दक्षिणेला, मध्ये वीस मिनिटांची चाल. रात्रीचं नाटक लांबलं तर लंडनची शेवटची थेट गाडी हुकते आणि मग रात्री मुक्कामाची खोली शोधावी लागते. रात्रीचाच प्रयोग हवा असेल तर तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची शेवटची गाडी बघा आणि खोली आधीच ठरवा.

डॉर्किंग, २२ मे १९०७ चं जन्मगाव: वगळा. गावात तीन स्टेशनं आहेत, डॉर्किंग, डॉर्किंग डीपडीन आणि डॉर्किंग वेस्ट. चुकीच्या स्टेशनावर उतरून शेवटी वॉदन रोडवरच्या एका खासगी घराचं दार बघायचं. बकिंगहॅमशरमधलं नॉटली अ‍ॅबी, जिथं ते आणि व्हिव्हियन ली राहिले, तेही वगळा. तिथं आता लग्नं होतात आणि आमंत्रणाशिवाय आत सोडत नाहीत. ॲशर्स्टचं घर, जिथं ११ जुलै १९८९ ला ते गेले, तेही खासगी. हे तीन दिवस वाचवा आणि ते ओल्ड व्हिकच्या शेजारच्या दफ्तरात प्रॉम्प्ट बुकं चाळण्यात घाला.