रोरी अपडेट : ब्लॅकमोर सुटला, स्वामी नाही सुटले

तर मंडळी, रोरीच्या मुलाखतीचं हरवलेलं पान ६१ हातात आलंय. बरंचसं. कुठे होतं ते मागच्या वेळी सांगितलं होतं आणि तुम्ही सगळे हसला होतात, आता ते काढलं कसं ते ऐका.

विसरलेल्यांसाठी एका दमात: मामाच्या गठ्ठ्यातला तो कव्हर नसलेला ब्रिटिश मॅगझिनचा अंक, त्यात आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाघरची मुलाखत, तो नुकत्याच आलेल्या 'डिफेंडर' अल्बमबद्दल बोलतोय म्हणजे अंक १९८७ च्या उत्तरार्धातला, आणि त्याची ती १९६१ ची स्ट्रॅट, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, डब्लिनमध्ये चोरीला गेली होती ती गोष्ट तो सांगायला लागतो आणि पान ६० अर्ध्या वाक्यात संपतं. पुढचं पान ब्लेडने कापलेलं. मी दोन महिने रद्दीवाले, माटुंग्याचा फूटपाथ, शुक्रवारचा चोरबाजार, सगळीकडे दुसरी कॉपी शोधत होते आणि मामा एकदा चहा पिता पिता म्हणाला, "अगं ते पान ना, मीच कापलं. मागे ब्लॅकमोर होता."

तो ब्लॅकमोर, म्हणजे डीप पर्पलच्या गिटारवाल्याचा पानभर फोटो, गेली पस्तीसहून जास्त वर्षं गिरगावातल्या खोलीत आजीच्या गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलेला आहे. म्हणजे मुलाखतीची बाजू पत्र्याकडे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर खोली रिकामी करायची आणि कपाट भंगारात. म्हणजे घाईच.

पहिली चूक माझीच. मी फेव्हिकॉल धरून चालले आणि हेअर ड्रायर लावला. पंधरा मिनिटं. काही नाही, फक्त खोलीभर जुन्या डांबरगोळ्यांचा वास. मग मामी म्हणाली, फेव्हिकॉल कुठला, घरात मैद्याची खळ शिजवली होती, अर्धा टोप वाया घालवला म्हणून आजीने मामाला किती बोल लावले होते. हे आधी विचारायला हवं होतं! खळ म्हणजे स्टार्च, स्टार्च पाण्याने फुगतो, म्हणजे ओलावा द्यायचा. पण इथेच गोची. हे ग्लॉसी पान, म्हणजे कागदावर मातीचा लेप आणि छपाई त्या लेपावर. शाई तेलाची, तिला पाण्याचं काही नाही, पण खालचा लेप ओला झाला की मऊ पडतो आणि बोट लावाल तर शाईसकट उठून येतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरात भिजलेल्या गठ्ठ्यांचं काय झालं ते मी पूर्वी लिहिलंय, पानं चिकटून झालेल्या त्या विटा अजून माझ्याकडे आहेत. तरी ओलं फडकं एका कोपऱ्यावर ठेवून पाहिलंच, आणि ब्लॅकमोरच्या बुटाचं टोक फडक्यावर आलं. रोरीच्या गिटारचा रंग गेला तसा याच्या बुटाचा गेला.

मग ठरवलं की पाणी जेलमधून द्यायचं, हळूहळू. त्यासाठी सीएमसी पावडर हवी, पाण्यात घातली की जेल होते ती. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर तीन दुकानांत विचारलं, बाइंडिंगचं सामान ठेवणाऱ्यांनीसुद्धा माझ्याकडे मी औषध मागितल्यासारखं पाहिलं. टिपकागद मात्र मिळाला, जाड, चांगला, तिथलाच घ्या, ऑनलाइन येतो तो पापडासारखा असतो. सीएमसी शेवटी मिळाली क्रॉफर्ड मार्केटच्या केकवाल्या गल्लीत, फॉन्डंटची फुलं करायला वापरतात तीच. दुकानदाराने कुठला केक करताय विचारलं, मी म्हटलं रॉक केक.

जेल बरं होतं पण जड, उभ्या दारावर टिकेना, घसरून आजीच्या साड्यांच्या कप्प्यात. मामीने मला जवळजवळ हाकललंच होतं. घरी येताना ट्रेनमध्ये समोर एक मुलगा ट्रेकचं जॅकेट घालून बसला होता, आणि डोक्यात आलं, अरे, वाफ आरपार जाते आणि पाणी जात नाही असं कापड तर माझ्याच घरात लटकलंय! कागद दुरुस्त करणारी प्रोफेशनल मंडळी असंच कापड वापरतात हे वाचलेलंही होतं, पण माझं राजमाचीवालं जॅकेट म्हणजे तेच, हे काही सुचलं नव्हतं. जॅकेटची पाठ कापली. हो, कापली. आधी कापड पानाला लागून, त्यावर ओला टिपकागद, त्यावर प्लास्टिक, कडेने टेप. आणि दर वीस मिनिटांनी उघडून बघायचं.

तासाभराने वरची डावी कड उचलली गेली. त्या आवाजाचं वर्णन करता येत नाही, साय निघते ना तसं. पातळ पॅलेट नाइफ आडवी धरून एकेक सेंटिमीटर, आणि मामा मागे उभा राहून द पोलीस या ब्रिटिश बँडच्या मुंबईतल्या १९८० च्या शोची तीच गोष्ट पुन्हा सांगत होता, रंगभवनच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून फुकट ऐकलं ती. ऐकली मी. तीन तास दुसरं करणार काय.

पान निघालं तेव्हा मागे खळीचा पिवळा थर, अक्षरं धूसर. तो काढायला सगळ्यात भारी टूल कुठलं माहितीये? थुंकी. खरंच. लाळेत स्टार्च पचवणारं एन्झाइम असतं, अमायलेज, म्युझियमवालेही वापरतात. इअरबड जिभेवर फिरवायचा, खळीवर लोळवायचा, टिपायचं, नवा घ्यायचा. साडेतीनशे इअरबड लागले. मामी म्हणाली, "अगं, सगळं उष्टं करून ठेवलंस की!" पण पहिला कॉलम असा स्वच्छ निघाला की मीच हरखले. पावसात भिजलेली स्ट्रॅट परत मिळाली ती गोष्ट आता रोरीच्या तोंडून पूर्ण आहे.

दुसऱ्या कॉलमची मात्र खालची पट्टी कागदावरून गायब. कोरी. मी मट्कन खाली बसले. आणि बसल्यामुळेच दिसलं. ती पट्टी दारावर राहिली होती, उलटी छापल्यासारखी, राखाडी रंगावर काळी अक्षरं. टॉर्च तिरकी धरली, फोनने बारा फोटो, घरी येऊन आडवे फ्लिप केले आणि वाचता आलं, सतरा ओळी! स्कॅनर ६०० डीपीआय आणि मागे काळा कागद वगैरे माझं सगळं शास्त्र एकीकडे, आणि कपाटाचं दार एकीकडे.

कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते, बूट गेलेला ब्लॅकमोरही मी पूर्ण रिझोल्यूशनला स्कॅन केलाय, जाहिरातींसकट. नुसती मुलाखत कापून ठेवणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. पत्रकार मॉरीन क्लीव्हने १९६६ च्या मार्चमध्ये लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्डसाठी बीटल्सच्या जॉन लेननवर लिहिलं तेव्हा लंडनात कुणी फारसं मनावर घेतलं नाही, उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेटबुक मासिकाने त्यातलं लेननचं ख्रिस्ती धर्माबद्दलचं वाक्य कव्हरवर उचललं आणि बीटल्सच्या रेकॉर्डी जाळायला लागले. शब्द तेच, आजूबाजूचं पान वेगळं. असो.

आता उरलेलं दुखणं. आजीने ब्लॅकमोरच्या केसांवर स्वामी समर्थांचं स्टिकर लावलेलं आहे, 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' वालं, आणि त्याला हात लावायचा नाही ही मामीची पहिल्या दिवसापासून अट. त्यामुळे स्टिकरच्या कडेने कागद कापून बाकीचं सोडवलं, तो तुकडा दारावरच आहे. त्याच्या पाठीशी तिसऱ्या कॉलमच्या नऊ ओळी. आणि त्या नेमक्या कुठल्या? वरच्या ओळीत रोरी त्याच्या जुन्या व्हॉक्स एसी-३० अँप्लिफायरवर आणि गिटारचा आवाज धारदार करणाऱ्या डॅलस रेंजमास्टर बूस्टरवर आलाय. रेंजमास्टरला नॉब एकच. तो किती फिरवायचा एवढंच मला हवंय, आणि त्यावर स्वामी बसलेत.

मी आधी मामीला पटवणार होते, स्टिकर अलगद काढून पुन्हा लावू म्हणून. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की सरळ दारच घेऊन यावं. मामा बिजागऱ्या उघडायला तयार आहे, भंगारवाल्याला दार कमी म्हणून शंभर रुपये कमी मिळतील ते मी देईन, आणि स्वामी माझ्याकडे येतायत म्हटल्यावर मामीलाही काही म्हणता येणार नाही. टेम्पोवाला गिरगाव ते डोंबिवली एका दारासाठी जे मागतोय त्यात मात्र असे तीन जुने अंक विकत आले असते.

तोवर कुणाकडे १९८७ चा असा अंक असेल ज्यात रोरीच्या पाठीवर पानभर ब्लॅकमोर आहे, तर तिसरा कॉलम, वरून सहाव्या ओळीपासून नऊ ओळी, फोनने काढलेला फोटोही चालेल. आणि अंक नसेल पण ब्लॅकमोर भिंतीला असेल, तर कृपा करून हेअर ड्रायर लावू नका.